टॉवेलखालचा चेहरा

गरम टॉवेल चेहऱ्यावर पडला की माणसाचे डोळे मिटतात आणि तोंडही. गल्लीच्या टोकाच्या सलूनमधल्या तरुण न्हाव्याला साऱ्या जगात एवढीच माणसं बोलण्याजोगी वाटत. उघड्या चेहऱ्याशी बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटे. गिऱ्हाइकं त्याला मौनी म्हणत. त्यांतली निम्मी तो मौनी होता म्हणूनच येत. डोकं त्याच्या हवाली करावं, डोळे मिटावेत आणि घटकाभर कुणी काही विचारू नये, एवढंच त्यांना हवं असे.

त्याचे वडील याच्या अगदी उलट. त्यांच्या उमेदीच्या काळात त्या दुकानात कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. मुलाच्या हाती वस्तरा देताना त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली ही की खुर्चीवरच्या माणसाला भिववू नये. "भ्यालेला माणूस दचकतो, दचकलेला माणूस कापला जातो, आणि नाव आपलं जातं." दुसरी, अनोळखी माणसाशी बोलायला हवेपासून सुरुवात करावी. "ऊन म्हण, गारवा म्हण, काहीही म्हण. हवेवरून आजवर कुणाची डोकी फुटली नाहीत. हवा काय कुणाच्या बापाची असते?"

दुसरी गोष्ट मौनीला कधीच साधली नव्हती. आता तर त्या दोन्ही शिकवणी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, कारण हवेइतकी भीतीची गोष्ट दुसरी उरली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात बाबा दुकानाच्या माथ्यावरच्या खोलीत कोसळले. ती खोली म्हणजे इमारतीचा शेवटचा मजला. वर उघडं आकाश आणि मध्ये वीतभर सिमेंट. मौनी जेवायला वर गेला तेव्हा बाबा जमिनीवर पडून भिंतीशी बोलत होते. तिला ते 'शेठ' म्हणत होते, मान सरळ ठेवा म्हणून विनवत होते. अंग तव्यासारखं तापलेलं, पण कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. त्या कोरड्या कपाळाचा स्पर्श मौनीच्या तळहाताला अजून आठवे. बाबा वाचले खरे. पण त्यांची वाहती जीभ मागेच कुठेतरी राहून गेली. आता त्यांचे शब्द उशिरा येत, आणि कधी वाटेतच बसून राहत.

"यापुढे भर दुपारी यांना गार जागेत ठेवायचं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "नुसता पंखा पुरणार नाही. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

गार जागा. किती साधे शब्द! दुकान पश्चिमेला तोंड करून उभं. कलत्या उन्हात आरशालासुद्धा हात लावता येत नसे. एसी लावावा तर इमारतीच्या जुन्या वायरी तो भार सोसणाऱ्या नव्हत्या, आणि वीज जायची तीही नेमकी दुपारी. ताईचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेही शेवटच्याच मजल्यावर. साऱ्या गल्लीत गार म्हणावी अशी एकच जागा होती. ती सलूनच्या दारात उभं राहिलं की समोरच दिसायची. बटाटे साठवायचं कोल्ड स्टोरेज. त्याला खिडक्या नव्हत्या, फक्त एक लोखंडी दार. ते उघडलं की आतला गारवा पांढऱ्या मांजरासारखा क्षणभर उंबऱ्यावर येई आणि उन्हात विरून जाई. दारामागे, बटाट्यांच्या दालनांच्या अलीकडे, पोती उतरवण्याची एक रुंद मधली खोली होती. तिथे एखाद्या म्हाताऱ्याने शाल पांघरून सुखाने दुपार काढली असती.

"बटाट्यांना गारवा आणि म्हाताऱ्यांना भट्टी!" ताई म्हणायची. "वा रे न्याय!"

"मग मला... पोत्यात भर," बाबा सावकाश म्हणत. "सालासकट."

ताई हसायची आणि लगेच नजर वळवायची. ती सुट्टीच्या दिवशी चार-सहा जणांबरोबर दारोदार हिंडे. हवामान बदलतं आहे, उन्हाळे असेच चढत जाणार, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांकडे लक्ष कसं ठेवायचं, हे ती परक्या माणसांना समजावून सांगे. कुणी दार लावून घेई, कुणी पाणी विचारी. कोल्ड स्टोरेजच्या दारावरही ती गेली होती. पहारेकऱ्याने हात जोडले. "बाई, मी हुकमाचा ताबेदार. साहेबांना विचारा." आणि साहेब कधी जागेवर सापडत नसत.

"तुला मात्र सापडतात ना!" ती भावावर घसरली. "एक दिवसाआड तुझ्या खुर्चीत येऊन पडतात. गळा त्यांचा तुझ्या हातात, आणि शब्द तुझ्या गळ्यात! अरे, एकदा विचारून तर बघ. खाणार आहेत का ते तुला?"

"काय म्हणून सुरुवात करू, तायडे?"

"आधी विचारायचं, मग सांगायचं. जग बुडायला निघालंय अशी सुरुवात करशील तर माणूस कान मिटून घेतो. त्यांच्या घरातलं विचार. मग आपल्या घरातलं सांग. झालं."

झालं! तिला सोपं होतं. मौनीने एकदा प्रयत्न केला होता. कुणी एक प्रवासी पिशवी पायाशी ठेवून केस कापायला बसला आणि आपणहून "उकडतंय हं" म्हणाला. मौनीने सारा धीर एकवटून म्हटलं, "पूर्वी असं नव्हतं. हे वाढतच जाणार आहे म्हणतात." आरशातला चेहरा आक्रसला. "तुम्ही केस कापा हो. भाषणं ऐकायला मी टीव्ही लावतो." त्यानंतर कुणी 'उकडतंय' म्हटलं की मौनी नुसती मान हलवी. दुसऱ्यांसाठी ते वाक्य हवेत सोडून द्यायचं असे; त्याला मात्र त्या वाक्याच्या टोकाशी बाबांचं कोरडं कपाळ दिसे.

राहता राहिले टॉवेलखालचे चेहरे. गरम टॉवेलाशिवाय दाढी नाही, हा बाबांच्या दुकानाचा जुना बाणा. पण उन्हाळा चढू लागला तसा एकेक गिऱ्हाईक टॉवेल नको म्हणू लागलं. "शिजवतोस का आता?" असं म्हणून लोक हसत. फक्त कोल्ड स्टोरेजच्या साहेबांना तो हवा असे. ते मध्यमवयीन, रुंद खांद्यांचे, अबोल गृहस्थ होते. सतत गारठ्यात वावरून त्यांच्या गालांची कातडी कडक झालेली असे. टॉवेल पडला की ते लहान मुलासारखा सुस्कारा टाकत. येताना "नमस्कार", जाताना "येतो". एवढ्यावर दोघांची ओळख कित्येक महिने अडून राहिली होती. खरं म्हणजे ती ओळखच नव्हती. मौनी त्यांचा गळा, हनुवटीवरचा व्रण आणि कानामागचा तीळ ओळखत होता. माणूस त्याला ठाऊक नव्हता.

टॉवेल टाकून झाला की मौनी मनात म्हणे, 'साहेब, घरी म्हातारं कुणी आहे का?' पुढे पुढे तो ते ओठांतल्या ओठांत म्हणू लागला. एकदा तर "साहेब" एवढं ऐकू जाण्याइतपत बाहेर पडलं. टॉवेलखालून "हं?" असा घोगरा आवाज आला. "काही नाही, पाणी फार गरम नाही ना?" असं पुटपुटून त्याने वस्तरा उचलला. त्या दिवशी बाबांनी वर जेवताना विचारलं, "बोललास?" त्याने बाबांच्या ताटात कालवण वाढलं. बाबांनी अर्धी भाकरी तशीच सोडली. त्यांचं जेवणही आता उन्हाबरोबर कमी होत चाललं होतं.

मग तो दिवस आला. सकाळीच सगळ्यांच्या फोनवर इशारा खणाणला : उष्णतेची लाट, घराबाहेर पडू नका. घरातच लाट शिरली तर कुठे पडायचं, हे त्यात नव्हतं. नळाचं पाणी उजाडतानाच कोमट होतं. बाबांच्या खाटेवर ओली चादर टाकून, उशाशी तांब्या ठेवून मौनी खाली आला. पण दर थोड्या वेळाने जिना चढून जाई आणि दारातूनच त्यांच्या छातीची हालचाल पाहून परते. जिन्याचा कठडा हाताला चटका देत होता. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

ताईचा फोन आला. "बाबा?"

"झोपलेत."

"घाम येतोय ना?"

"येतोय."

"तो थांबला तर मला सांगायची वाट पाहू नकोस. आणि ऐक, आज विचार. आज नाही विचारलंस तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ताई वाक्य अर्धं सोडणाऱ्यांतली नव्हती.

साहेब आले ते दुपार तापल्यावर. नेहमीसारखा नमस्कारही त्यांनी केला नाही. खुर्चीत अंग टाकलं आणि बोटाने टॉवेलाकडे खूण केली. चेहरा लाल, सदरा पाठीला चिकटलेला. गारठ्यातून येणारा माणूस असा कसा, एवढं मौनीच्या मनात येऊन गेलं. पण त्याचं मन दुसऱ्याच वाक्याशी झटत होतं. त्याने टॉवेल पिळला, झटकला, चेहऱ्यावर अलगद बसवला. त्याच क्षणी वीज गेली. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, आणि दुकानात अशी शांतता पसरली की वरच्या खोलीतला बाबांचा खोकला स्पष्ट ऐकू आला.

त्या खोकल्यानेच जणू त्याला ढकललं. तो साहेबांकडे पाठ करून भिंतीवरच्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजू लागला आणि त्या पट्ट्याशी बोलू लागला.

"साहेब, तुमच्या घरी म्हातारं कुणी आहे का?"

उत्तर आलं नाही. त्याला ते बरंच वाटलं.

"माझे वडील आहेत. इथेच, आपल्या डोक्यावर. त्यांच्या खोलीतली भिंत रात्रीसुद्धा गरम असते, साहेब. मी तिला हात लावून झोपतो. निवली का ते बघायला. ती निवत नाही."

वस्तरा पट्ट्यावर खाली-वर जात राहिला. मौनीला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटत होतं. किती दिवस बंद असलेल्या नळातून आधी नुसती हवा फुसफुसावी आणि मग एकदम पाणी यावं, तसे शब्द येत होते. त्याने सांगितलं की पूर्वी ऋतू पाहुण्यासारखे येत, चाहूल देऊन. आता ते चोरासारखे शिरतात. की समोरचं झाड अवेळी पालवतं आणि तीच पालवी करपून गळते. की ताई म्हणते, हे माणसांच्याच धुराने झालं आहे आणि माणसांनीच एकमेकांना धरून सोसायचं आहे. पण धरायचं तर आधी बोलायला हवं, आणि तेच त्याला येत नाही. बाबा भिंतीला शेठ म्हणाले, तेही त्याने सांगितलं. "मला भीती वाटते, साहेब. रोज जिना चढताना वाटते. वरून काही आवाज आला नाही की वाटते, आणि आला की जास्तच." मग वस्तरा थांबला. "तुमच्या त्या मधल्या खोलीत दुपारपुरती एक खुर्ची मिळेल का? ते काही त्रास देणार नाहीत. आता फारसं बोलतही नाहीत."

बोलता बोलता आरशाच्या कडेला साहेबांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून घसरून खाली लोंबताना त्याला दिसला होता. ऐकता ऐकता अंग सैल सोडलं असेल, असं त्याने धरलं होतं. आता तो उत्तराची वाट पाहत उभा राहिला. नकार असाच असतो, त्याला वाटलं. मोठी माणसं नाही म्हणत नाहीत, नुसती गप्प बसतात.

"साहेब?"

तो वळला. टॉवेल तोंडापाशी श्वासागणिक किंचित हलतो, हे त्याला ठाऊक होतं. तो हलताना दिसेना. त्याने टॉवेल ओढून काढला. खालचा चेहरा राखेच्या रंगाचा होता. तोंड अर्धवट उघडं, पापण्यांच्या फटीतून नुसतं पांढरं दिसत होतं. मौनीचा हात आपोआप कपाळावर गेला. तापलेलं, कोरडं कपाळ. तेच, बाबांचं.

उन्हाने माणूस कसा जातो हे तो एका माणसाला सांगत बसला होता, आणि त्या माणसाच्या तोंडावर त्यानेच वाफाळतं फडकं घातलं होतं.

मौनी ओरडला. गल्लीने त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हणून शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊन तसाच धावत आला. फळवाला आला. शिंप्याने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून सांगितलं गेलं की सगळ्या गाड्या अशाच कामावर आहेत, वेळ लागेल, तोवर गार जागी न्या.

"गार जागी न्या म्हणे! कुठे नेऊ, मामाच्या गावाला?" शिंपी करवादला.

"समोर," मौनी म्हणाला.

तिघांनी साहेबांना उचललं. रस्ता ओलांडताना डांबर चपलांना धरून ठेवत होतं. लोखंडी दारापाशी पहारेकरी हात पसरून आडवा आला. "आत कुणालाही—" आणि मग त्याने चेहरा पाहिला. दार उघडलं.

आतल्या गारव्याने मौनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मातीचा, बटाट्यांचा, ओल्या गोणपाटाचा वास. आणि भिंतीआडून येणारी, जनरेटरवर चालणाऱ्या यंत्रांची घरघर. रिकाम्या गोण्यांवर त्यांनी साहेबांना निजवलं, सदऱ्याची बटणं काढली, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली. मौनी फडकी बदलत राहिला, छातीकडे पाहत राहिला. अशी छाती पाहण्याची त्याला सवय होती. कितीतरी वेळाने पापण्या फडफडल्या.

पहिले काही शब्द बरळण्यासारखेच होते. मग नजर स्थिरावली. पहारेकऱ्याने हळूहळू घोट घोट पाणी पाजलं.

"साहेब, माझी चूक झाली," मौनी म्हणाला. "टॉवेल... मी बघायला हवं होतं."

"टॉवेल मीच मागितला." साहेबांचा आवाज दुरून आल्यासारखा होता. "सकाळपासून छतावर होतो. उन्हात. यंत्राच्या बाहेरच्या जाळ्या तापतात, त्यांच्यावर पाणी मारत होतो. माणसं कमी आहेत." ते थांबले. "मी ऐकत होतो. तुमची भिंत निवत नाही, तिथपर्यंत ऐकलं. उत्तर द्यायला गेलो तर तोंड दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं झालं."

आता साहेबांच्या तोंडावर टॉवेल नव्हता. दोन उघडे डोळे त्याच्याकडे पाहत होते आणि पुढचं ऐकायला थांबले होते. तिथपर्यंत साहेबांनी ऐकलं होतं. त्यानंतरचं सगळं पुन्हा सांगणं भाग होतं.

"वडिलांना इथे बसवायचं होतं," तो म्हणाला. "दुपारपुरतं. नाहीतर ते... या उन्हाळ्यात टिकणार नाहीत."

साहेबांनी भिंतीकडे बोट केलं. "ती घरघर ऐकताय? ज्या उन्हाचा अंदाज धरून ही यंत्रं बसवली, ते ऊन आता राहिलं नाही. रोज दुपारी दम खातात. मी इथे उभा राहून कान देत बसतो. मालकाला सांगतो, सगळं ठीक. घरी बायकोला सांगतो, सगळं ठीक. तुमच्याकडे यायचो, कारण तुम्ही विचारत नव्हता." त्यांच्या कोरड्या ओठांवर हसू उमटल्यासारखं झालं. "आणि विचारलंत ते नेमकं आज!"

"मग?"

"मग काय, घेऊन या. आत्ताच आणा. दार उघडं आहे तोवर. मालकांचं मी बघतो. मात्र हे किती दिवस चालेल, ते मला विचारू नका. ते मलाही ठाऊक नाही."

बाबांना खाली आणायला शिंप्याच्या दुकानातली लाकडी खुर्ची घेतली. मौनी आणि फळवाला, दोघांनी ती उचलली. बाबांच्या डोक्यावर ओला पंचा होता. रस्ता ओलांडताना बाबांनी गल्लीतल्या बंद खिडक्यांकडे नजर टाकली. "शेवटी... बटाट्यातच बसवलंत," ते म्हणाले. फळवाला म्हणाला, "आजोबा, कोंब फुटू देऊ नका म्हणजे झालं." बाबांच्या घशातून हसण्याचा आवाज निघाला. मौनीने चालता चालता मान वळवून त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. घाम होता.

रुग्णवाहिकेचा अजून पत्ता नव्हता. मधल्या खोलीत बाबा आणि साहेब शेजारी शेजारी टेकले, एक खुर्चीवर, एक गोण्यांवर. बाबांनी सवयीने त्या परक्या माणसाच्या गालांकडे पाहिलं. फेसाचा ठिपका नाही, दाढीचे खुंट तसेच.

"दाढी... तशीच ठेवलीय," ते मुलाला म्हणाले.

"करतो, बाबा."

"हवा काय... म्हणते?" बाबांनी साहेबांना विचारलं. त्यांची जुनी सुरुवात.

साहेब उत्तर देणार, इतक्यात भिंतीआडची घरघर अडखळली. एक आचका, आणि मग काहीच नाही. साहेब कोपरावर उठले. पहारेकऱ्याचा पाण्याचा पेला अधांतरीच राहिला. त्या शांततेत बाहेरचं ऊन लोखंडी दाराला टेकून उभं असल्यासारखं वाटलं. मग कुठेतरी खोल काहीतरी धडकलं, कण्हलं, आणि यंत्र पुन्हा चालू झालं.

"असं रोज होतं," साहेब हळूच म्हणाले.

मौनी दार उघडून उंबऱ्यावर आला. समोर त्याचं दुकान होतं, त्यावर बाबांची रिकामी खोली. आणि शिंप्याच्या दुकानावरही एक तशीच खोली होती. तिथे एक म्हातारी राहते, एवढं त्याला माहीत होतं. दोरीवर कपडे वाळत घालणारी तिची मनगटं त्याने वर्षानुवर्षं पाहिली होती. आज दोरी रिकामी होती. सकाळपासून ती खिडकी उघडलेली त्याला आठवेना. त्याने आठवून पाहिलं, कालचंही आठवेना.

मागे यंत्र दम खात घरघरत होतं. तो तिथे उभा होता तेवढा वेळ गारवा दारातून निसटत होता. त्याने दार ओढून घेतलं आणि उन्हात उतरला.

शिंप्याच्या दुकानाशेजारचा जिना अरुंद, काळोखा होता. चढताना वाफ तोंडावर येत होती. वरच्या दारासमोर तो उभा राहिला. काय म्हणून सुरुवात करायची? त्याने हात उचलला, मागे घेतला, पुन्हा उचलला. दाराचं लाकूड चटका देत होतं. त्याने कडी वाजवली.

आत काहीच हललं नाही.

"आजी," तो म्हणाला. आवाज फुटला नाही. त्याने घसा खाकरला आणि मोठ्याने हाक मारली, "आजी, मी शेजारचा न्हावी. आपण कधी बोललो नाही. आज ऊन फार आहे. दार उघडा, नाहीतर मी तोडतो."

तो कान देऊन उभा राहिला. खूप वेळाने, आतून, काहीतरी जमिनीवरून सरपटत आल्याचा आवाज झाला.